मजकूर कोणताही चालेल

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ताई,

तुझी चिठ्ठी समोर आहे. पार्सलमध्ये माझ्या पेनाच्या निबेभोवती गुंडाळलेली होती. मी काही गाळलं असं व्हायला नको म्हणून जशीच्या तशी उतरवतो: ‘नमुना लिहिणारा हात डावखुरा आहे. निब झिजली आहे ती उजव्या हाताने, तिरकी धरून, गरजेपेक्षा जास्त दाबून. ज्याची निब त्यानेच लिहावे. न घासता परत पाठवत आहे.’

वर मायना नाही, खाली सही नाही. गिऱ्हाइकाला लिहितात तशी.

ते गिऱ्हाईक मी आहे. तुझा भाऊ.

पाकिटावर ‘जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातील लेखनिक’ असं लिहिलं होतं ते खोटं नाही. मी तिथेच आहे, पाच वर्षं झाली. नाव मात्र टेबलावरच्या शेजाऱ्याचं घातलं आणि नमुन्याचं पानही त्याच्याकडूनच लिहून घेतलं. त्याला आमच्याकडे टिपकागद म्हणतात, कारण कार्यालयात कुठेही काही सांडलं तरी ते त्याच्याकडे शोषलं जातं. तो डावखुरा आहे हे मला रोज दिसतं. सह्या करताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागतं. तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच होतं की माझं अक्षर दिसलं तर तू पार्सल तसंच परत करशील. मी आठ वर्षांत चार पत्रं पाठवली, चारही न फोडता परत आली. दुकानाच्या नंबरावर दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘ताई’ म्हटल्याबरोबर तू ठेवलास. गिऱ्हाइकाचं पार्सल मात्र तू फोडणारच. टिपकागदाला तुझी चिठ्ठी दाखवली तेव्हा तो म्हणाला, चोराने निदान चोरी तरी स्वतः करावी.

तर आता स्वतः लिहितो आहे. निब घासायला पाठवणाऱ्यांसाठीच्या तुझ्या छापील सूचनांत म्हटलं आहे, ‘पानभर लिहावे. स्वतःच्या हाताने, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या शाईने. मजकूर कोणताही चालेल.’ हे शेवटचं वाक्य मी दहा वेळा वाचलं. कोणताही म्हणजे हाही चालायला हवा. तेव्हा हे पत्र न समजता नमुना समज. मजकूर वाचला नाहीस तरी चालेल. पण हात तपासायचा तर पान समोर धरावं लागेलच.

निबेची तक्रार अशी, की ओळीच्या सुरुवातीला पहिलं अक्षर उमटत नाही. नोंदवहीची शाई दाट असते, ते एक कारण. दुसरं माझं दाबणं. बाळाचं नाव लिहिताना मी एकेक अक्षर रोवून लिहितो, कारण माझी एक वेलांटी चुकली तर ती त्या माणसाला जन्मभर पुरते.

बाबा माझ्याकडेच असतात. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकी बरे आहेत.

मला काय हवंय ते इथेच लिहून टाकतो, नाहीतर शेवटपर्यंत लिहिणार नाही. निब घासून हवी आहे, पण ते निमित्त. वकिलांच्या पेनाचं जे झालं त्याबद्दल मला तुला सांगायचं आहे. ते ऐकल्यावर तू मला तुझ्या दारात उभं करशील की नाही, एवढंच जाणून घ्यायचं आहे.

पान संपलं. नमुना पानभरच मागितला आहे.

रविवार, २३ नोव्हेंबर

ताई,

दुसरी चिठ्ठी आली. ‘आता हात योग्य माणसाचा आहे. परंतु हा शाळेतला हात आहे, बाईंना दाखवायचा. नेहमीचे लिहावे. पुन्हा पाठवा.’

‘पाठवा’ वाचून मी कार्यालयाच्या जिन्यात बसलो. तू वाचलंस की नुसतं पाहिलंस? टिपकागदाचं मत असं, की माणूस परक्याला कधी ‘बाईंना दाखवायचा’ असं लिहीत नाही. हे त्याने ताबडतोब हिशेबनीस बाईंना सांगितलं, आणि आता पहिल्या मजल्यावरची तीन माणसं तुझ्या उत्तराची वाट बघत आहेत.

नेहमीचं लिहायचं म्हणतेस तर वेगात लिहितो. खाडाखोड झाली तर होऊ दे.

बाबांचं दुकान तुला काय सांगायचं, पण क्रमाने सांगितलं नाही तर माझं गाडं अडतं. जिन्याखालची ती जागा, पुढे काउंटर, मध्ये पडदा, मागे निबा घासायचं चाक. बाबांचे डोळे तेव्हाच अधू झाले होते आणि गिऱ्हाइकांना ते कळू द्यायचं नव्हतं. पडद्यामागे तू घासायचीस आणि पुढे बाबा म्हणायचे, मी स्वतः बसून केलं. मी सोळा वर्षांचा होतो, शाळा नववीत सुटलेली; दहावी-बारावी मी नंतर बाहेरून केली. निब धुवायच्या, शाई भरायची, आणि तू शिकवशील तसं जुन्या लोखंडी निबांवर हात बसवायचा, हे माझं काम.

त्या दुपारी तू पोस्टात गेली होतीस. वकिलांची सोन्याची निब, त्यांच्या वडिलांच्या पेनाची, घासून तबकात तयार होती. मी ती सहज कागदावर ओढली. डावीकडे खरखरली. मला वाटलं, तुझ्याकडून राहिलं.

राहिलं नव्हतं. वकील पेन बाहेरच्या अंगाला कलतं धरायचे आणि तू निब त्या कलण्याला घासली होतीस. सरळ धरणाऱ्याच्या हातात ती खरखरणारच. त्यांचा नमुना शेजारीच ठेवलेला होता, मी तो पाहिलाही. पण राहिलेलं काम मला बघवत नाही. अजूनही टेबलावरच्या टाचण्या मी एका दिशेला लावून मग जेवायला जातो. मी चाक सुरू केलं. दोनच फेऱ्या, असं ठरवून. मग ओढून पाहिलं. मग आणखी दोन. टोकावरचा टणक धातूचा कण घासला की कमी होतो, वाढत कधीच नाही, हे तू मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. एका बाजूचा कण संपला तेव्हा चाकाचा आवाजच बदलला. मी निब पुसली, तबकात होती तशी ठेवली आणि हात धुतले. दोनदा धुतले.

पुढचं तुझ्यासमोर झालं. वकील दुसऱ्या दिवशी पेन घेऊन आले. ओरडले नाहीत, नुसते उभे राहिले. बाबांनी तुला पडद्यामागून बाहेर बोलावलं. इतकी वर्षं चांगल्या कामाला ते पुढे व्हायचे, त्या दिवशी त्यांनी तुला पुढे केलं. ही घासते, म्हणाले. यापुढे चाकाला हात लावायचा नाही, म्हणाले. चौथ्या दिवशी तू तुझं भिंग घेऊन घर सोडून गेलीस.

मी गप्प राहिलो. ती निब मी घासली होती, ताई.

हे नेहमीचं अक्षर आहे की नाही ते आता मला ओळखता येत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

ताई,

तू मला ‘तू’ म्हटलंस. बाकीचं वाचायच्या आधी मी तेवढंच वाचत होतो. मग बाकीचं वाचलं.

‘दुसऱ्या परिच्छेदापासून हात मोकळा आहे. वकिलांचा कण उडाला तिथे दाब वाढला. ती निब मी त्याच दिवशी भिंगाखाली पाहिली होती. चाकाच्या रेघा आडव्या होत्या. मी उभी घासते, आडवी तू घासायचास. तू सांगशील म्हणून चार दिवस थांबले. बाबांना दोष देत नाही, त्यांना दिसत नव्हतं. त्यांना सांगितलंस का?’

मला वाटायचं, तुला सामान आवरायला चार दिवस लागले.

नाही सांगितलं. आठ वर्षांत नाही, आणि तुझी चिठ्ठी आल्यापासून आठ दिवसांतही नाही. सोमवारी त्यांना खोकला होता. मंगळवारी ते खुशीत होते, म्हटलं कशाला. बुधवारी ‘बाबा’ अशी हाक मारली, त्यांनी मान वळवली, आणि मी विचारलं, पाणी हवंय का. गुरुवारीही तसंच. शेवटी ते म्हणाले, तू मला पाणी पाजतोयस की बुडवतोयस?

कार्यालयातही माझं चित्त नाही. काल मृत्यूच्या वहीत एका बाळाचा जन्म लिहायला घेतला होता. टिपकागदाने कोपर मारलं म्हणून वाचलो. ते कुटुंब समोर उभं होतं, बाळ आजीच्या खांद्यावर झोपलेलं.

आणखी एक आहे. मागच्या पानात ‘मी गप्प राहिलो’ असं लिहिलं. पान टाकल्यापासून ते वाक्य मला टोचतं आहे. गप्प राहिलो ते तुझ्यासमोर. त्याआधी, वकील बाहेर उभे असताना, बाबांनी मला पडद्यामागे नेलं. पेन हातात होतं. विचारलं, “ही कुणी घासली?”

मी म्हणालो, “ताईने.”

एकच शब्द. विचार करून म्हणालो असंही नाही. विचार केला असता तर गप्प राहिलो असतो. तू आतल्या बाजूला हात धूत होतीस, नळाचा आवाज येत होता, तुला ऐकू गेलं नाही.

येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सांगतो. तारीख लिहिली की मी पाळतो, हे तुला माहीत आहे. १४ डिसेंबर.

सोमवार, १५ डिसेंबर

ताई,

काल सांगितलं.

सकाळी दाढी करून दिली. वस्तरा हातात असताना सांगायला नको म्हणून तो धुऊन, पुसून, खणात ठेवला. खिडकीपाशी त्यांची खुर्ची असते, उजेड कळावा म्हणून. मी समोर स्टुलावर बसलो. मग स्टूल उंच वाटलं म्हणून खाली बसलो. म्हटलं, बाबा, वकिलांचं पेन. ते म्हणाले, कुठले वकील? त्यांना ठाऊक होतं कुठले, आवाजावरून कळत होतं. मी सगळं सांगितलं, दोन फेऱ्यांपासून. ‘ताईने’ म्हणालो तेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर पुढेमागे फिरत होती, निब कागदावर ओढावी तशी.

बाबा काही बोलले नाहीत. ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर त्यांनी चहा मागितला, चहात साखर जास्त झाली म्हणाले, मी दुसरा करून दिला. मग रेडिओ लावला. बातम्या झाल्या. हवामान झालं. दिवस नेहमीसारखा गेला.

तू विचारलं होतंस ते झालं. आता निबेचं काय ते कळव.

शनिवार, २७ डिसेंबर, तुझ्या काउंटरवर

तू समोर बसली आहेस आणि मी तुला लिहितो आहे. वेड्यासारखं वाटतं. मान वर करायची नाही म्हणालीस म्हणून कागदाशीच बोलतो. काय लिहू विचारलं तर म्हणालीस, काहीही, थांबू नकोस.

आठ वर्षांनी पाहिलं तर तू आधी माझ्या हाताकडे पाहिलंस आणि मग तोंडाकडे. बस कुठे थांबली, किती वाजता निघालो, काही विचारलं नाहीस. मीही कसा आलो ते सांगितलं नाही. सांगतो. टिपकागद दोन दिवस बाबांकडे राहायला आला आहे. सगळ्या कार्यालयाचं ऐकून झालं, आता त्याला बाबांच्या गोष्टी ऐकायच्या आहेत.

तुझी शेवटची चिठ्ठी खिशात आहे. ‘शेवटच्या दहा ओळी दुसऱ्या कुणाच्या वाटतात. हात कागदावरून उचललेला आहे, जणू डाग लागेल. असल्या नमुन्यावर काम होत नाही. पेन घेऊन ये. समोर बसून लिही.’ ती वाचल्यापासून मला धड झोप नाही. नाही येणार, असं तीनदा ठरवलं. तिकीट काढल्यावरही ठरवलं.

त्या दहा ओळी माझ्याच आहेत. पण त्यात लिहिलंय तसं झालं नाही.

बाबा बोलले. मी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “नखावर ओढली होती मी ती. त्याला डोळे कशाला लागतात?”

मला कळेना. ते म्हणाले, वकिलांनी पेन हातात दिल्याबरोबर त्यांनी निब नखावर ओढून पाहिली. एक बाजू गेलेली आणि आडवी गेलेली. तुझं काम त्यांना बोटांनी पाठ होतं. माझंही होतं.

मी विचारलं, “मग मला का विचारलंत, कुणी घासली म्हणून?”

“तू काय सांगतोस ते ऐकायचं होतं. सांगितलंस.” मग म्हणाले, “तिच्या हातात कला होती. तिला कुठेही हाकललं तरी ती उभी राहिली असती. तुला हाकलून मी कुठे पाठवणार होतो?”

चहा, साखर, रेडिओ हे सगळं खरं आहे. ते यानंतर झालं.

मी हे तुला लिहिलं नाही. तू लिहिलं होतंस, बाबांना दोष देत नाही, त्यांना दिसत नव्हतं. आठ वर्षं तू एवढं एक जपून ठेवलं होतंस, ते मीच कसं काढून घ्यायचं? हे एक कारण, आणि ते चांगलं दिसतं. दुसरं जास्त खरं आहे. सांगितलं की माझ्या अंगावरचं अर्धं त्यांच्या अंगावर जातं. ते ऐकताक्षणी मला हलकं वाटलं होतं, ताई. फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला भीती वाटली.

तू उलट्या बाजूने वाचते आहेस. मघापासून. तुझा अंगठा काउंटरवरच्या फडक्यावर फिरत होता तो थांबला आहे. मी थांबू की

त्याच दिवशी, समोरच्या बसथांब्यावर

हे दाराखालून सरकवणार आहे. शाईचं पेन तुझ्याकडे राहिलं, म्हणून पेन्सिल. नमुना समजू नकोस.

तू पान माझ्या हाताखालून काढून घेतलंस तेव्हा मला वाटलं, फाडशील. तू ते सुलट धरून पहिल्यापासून वाचलंस. मग विचारलंस, “कुठल्या नखावर?”

मी म्हटलं, डाव्या अंगठ्याच्या.

“डाव्याच,” म्हणालीस. बाबा नेहमी त्यावरच ओढून पाहायचे. तेवढ्यात ते चष्मेवाले गृहस्थ पेन न्यायला आले. त्यांच्याशी तू नीट बोललीस, पेन शाईत बुडवून त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्यास, ते हसत गेले. मी तिथेच भिंतीला लागून उभा. मला वाटलं, आता मलाही तसंच बोलशील, नीट, गिऱ्हाइकासारखं, आणि मग कायमचं संपेल.

तू माझं पेन उघडलंस, निब काढलीस, भिंगाखाली धरलीस. चाक सुरू केलंस. निब चाकापर्यंत नेलीस आणि परत आणलीस. पुन्हा नेलीस, पुन्हा आणलीस. मग चाक बंद केलंस. पाठमोरीच म्हणालीस, “आज माझा हात यावर ठेवण्यासारखा नाही. उद्या ये.”

मी ‘बरं’ म्हटलं. दारात दोनदा ‘बरं’ म्हटलं. तुझं तोंड मला दिसलं नाही.

बाहेर आलो आणि इथे येऊन बसलो. समोर तुझ्या दुकानाची पाटी आहे. वेळा बघाव्यात म्हणून वाचली. सोमवार ते शनिवार, दहा ते सहा. रविवारी बंद.

उद्या रविवार आहे. आधी मला वाटलं तू विसरलीस. मग वाटलं, परत जाऊन विचारावं. दोनदा उठलो. तू वार विसरणारी नाहीस, आणि बंद दुकानात गिऱ्हाईक बोलावत नाहीत.

बाबांना फोन केला. फोन टिपकागदाने उचलला, पण विचारायच्या आत मुकाट्याने बाबांना दिला. ते म्हणाले, “काय म्हणाली?” मी त्यांना सांगितलं की तू सगळं वाचलंस, त्यांचंही. मी सांगितलं, उद्या बोलावलंय.

“रविवारी?”

“हो.”

“रविवारी तर दुकान बंद असेल.”

मी म्हटलं, हो, बंद असतं. त्यानंतर त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता. फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.